प्रवासी पोपचे तीर्थस्थान : वॉशिंग्टनमधील एका प्रदर्शनाचा पूर्वेतिहास

कॅथलिक परंपरेत संताचे तीर्थस्थान बहुधा त्याच्या समाधीभोवती आकाराला येते. संताचा देह जिथे विसावलेला असतो तिथे आधी भाविक जमू लागतात, मग वेदी उभी राहते, कालांतराने तिच्यावर भव्य चर्च बांधले जाते आणि पुढे त्या चर्चच्या आधाराने एखादे गाव वा शहरही वाढते. पोप जॉन पॉल दुसरे यांचा देह रोममधील संत पीटर बॅसिलिकेत आहे. त्यांचा जन्म, शिक्षण आणि धर्मगुरू म्हणून घडण पोलंडमध्ये झाली. तरीही त्यांच्या नावाचे एक मोठे तीर्थस्थान अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे आहे आणि तिथे येणारा यात्रेकरू समाधीपुढे गुडघे टेकण्याऐवजी त्यांच्या आयुष्याचा पट मांडणाऱ्या नऊ दालनांतून चालत जातो. समाधीची जागा प्रदर्शनाने घ्यावी ही गोष्ट कॅथलिक भक्तीच्या इतिहासात लक्षणीय आहे, आणि तिची कारणे त्या वास्तूच्या इतिहासाइतकीच त्या पोपच्या आयुष्यक्रमातही शोधावी लागतात.

प्रथम तीर्थस्थानामागची मूळ कल्पना समजून घेणे आवश्यक आहे. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत हुतात्म्यांच्या थडग्यांजवळ प्रार्थना करण्याची प्रथा पडली आणि तिच्यातूनच वेदीचा व अवशेषाचा संबंध जुळला. इ. स. ७८७ मध्ये भरलेल्या निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने नव्या चर्चच्या प्रतिष्ठापनेसाठी संतांचे अवशेष असणे आवश्यक ठरवले, तेव्हा या संबंधाला नियमाचे रूप मिळाले. अवशेषांची प्रतवारीही रूढ झाली. संताच्या देहाचा अंश, म्हणजे अस्थी, केस किंवा रक्त, हा प्रथम श्रेणीचा अवशेष. त्याने वापरलेले वस्त्र वा वस्तू हा द्वितीय श्रेणीचा. आणि अशा अवशेषाला स्पर्श केलेली वस्तू तृतीय श्रेणीची मानली जाते. या प्रतवारीमुळे एकाच संताची भक्ती अनेक ठिकाणी, एकमेकांपासून हजारो मैल दूर, एकाच वेळी चालू राहणे शक्य झाले.

मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण गोव्यात सापडते. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगचुआन बेटावर निवर्तले. त्यांचा देह आधी मलाक्का येथे आणि १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आला, आणि आज तो जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेत चांदीच्या पेटीत आहे. १६१४ मध्ये त्यांच्या उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग रोमला पाठवण्यात आला आणि तो तेथील जेझू चर्चमध्ये ठेवला गेला. आशियाभर फिरलेल्या या धर्मप्रसारकाचा देह गोव्यात स्थिरावला, परंतु त्याच्या देहाचा एक अंश मृत्यूनंतरही प्रवास करत राहिला. दर दहा वर्षांनी होणारा शवप्रदर्शनाचा सोहळा, जो अलीकडे नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात पार पडला, त्या देहाला काही दिवस लोकांच्या दृष्टीसमोर आणतो. संताने लोकांकडे जावे आणि पुढे लोकांनी संताकडे यावे, हा क्रम झेवियर यांच्या बाबतीत साडेचारशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

पोपपदाच्या बाबतीत मात्र हा क्रम फार काळ उलटा होता. पोप रोममध्ये राहत आणि जगाने त्यांच्याकडे यावे अशी अपेक्षा असे. १८७० मध्ये इटलीच्या राज्याने रोम ताब्यात घेतल्यानंतर पोप स्वतःला व्हॅटिकनचे बंदी मानू लागले आणि १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत त्यांनी व्हॅटिकनची हद्दही ओलांडली नाही. ही कोंडी खऱ्या अर्थाने फोडली ती पोप पॉल सहावे यांनी. जानेवारी १९६४ मध्ये ते विमानाने पवित्र भूमीला गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ३८ व्या आंतरराष्ट्रीय युकरिस्ट परिषदेसाठी, मुंबईत आले. युकरिस्ट म्हणजे मिस्सेत अर्पण होणाऱ्या भाकर व द्राक्षरसाचा संस्कार, आणि त्याच्या सन्मानार्थ जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा म्हणजे ही परिषद होय. भारताच्या भूमीवर पोपने प्रथमच पाऊल ठेवले ते मुंबईत, ही नोंद आधुनिक पोपप्रवासांच्या इतिहासात मुंबईला पहिल्या प्रकरणातच स्थान देते.

पॉल सहावे यांनी सुरू केलेली वाट जॉन पॉल दुसरे यांनी राजमार्ग केली. १६ ऑक्टोबर १९७८ रोजी क्राकोचे कार्डिनल कारोल वोयतिवा यांची निवड झाली तेव्हा ४५५ वर्षांनंतर प्रथमच इटलीबाहेरचा माणूस पोप झाला होता. पुढील साडेसव्वीस वर्षांत त्यांनी इटलीबाहेर १०४ दौरे केले आणि १२९ देशांना भेटी दिल्या. इटलीतील दौरे धरून त्यांचा एकूण प्रवास सुमारे १२ लाख किलोमीटरांचा झाला. प्रत्येक नव्या देशात विमानातून उतरताच गुडघे टेकून तेथील मातीचे चुंबन घेण्याची त्यांची रीत होती, आणि वार्धक्यामुळे वाकणे अशक्य झाल्यावर तबकात भरलेली माती त्यांच्या ओठांपर्यंत आणली जाई. या कृतीत एक ठाम धर्मशास्त्रीय भूमिका होती: चर्चचे केंद्र रोममध्ये असले तरी पवित्रता रोमपुरती मर्यादित नाही, आणि प्रत्येक देशाची भूमी तेथील श्रद्धावंतांमुळे वंदनीय ठरते. ज्या माणसाने आयुष्यभर ही भूमिका जगून दाखवली, त्याचे तीर्थस्थान एकाच समाधीभोवती बंदिस्त राहणे त्याच्या जीवनाशी विसंगत ठरले असते.

हा प्रवासी वृत्तीचा पोप ज्या भूमीत वाढला ती भूमी मात्र कोंडलेली होती, आणि म्हणूनच त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या प्रत्येक प्रदर्शनाला पोलंडपासून सुरुवात करावी लागते. १८ मे १९२० रोजी क्राकोच्या नैर्ऋत्येला सुमारे ५० किलोमीटरवरील वादोवित्से या गावी त्यांचा जन्म झाला. १९२९ मध्ये आई एमिलिया गेली. डॉक्टर असलेला थोरला भाऊ एडमुंड १९३२ मध्ये एका रुग्णाकडून स्कार्लेट फीव्हरचा संसर्ग होऊन दगावला. आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातील क्राकोमध्ये, वडीलही वारले. विसाव्या वर्षी घरातले कोणीच उरले नव्हते. त्यापूर्वीच, नोव्हेंबर १९३९ मध्ये, नाझींनी याग्येलोनियन विद्यापीठातील सुमारे १८० प्राध्यापक व कर्मचाऱ्यांना पकडून छळछावणीत धाडले होते आणि पोलिश साहित्य शिकणाऱ्या या विद्यार्थ्याचे विद्यापीठ बंद पडले होते. सक्तमजुरीसाठी जर्मनीला नेले जाऊ नये म्हणून त्याने सोल्वे कंपनीच्या दगडखाणीत आणि पुढे सोडा कारखान्यात काम धरले, रात्री गुप्तपणे नाट्यप्रयोग केले आणि १९४२ पासून आर्चबिशप आदाम सापिएहा यांच्या भूमिगत सेमिनरीत धर्मगुरुपदाचे शिक्षण घेतले. याच वर्षांत सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, ज्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील वसाहतीत आसरा घेऊन राहत होते. एका राष्ट्राचे तुकडे होऊन ते जगभर कसे विखुरले होते याची साक्ष त्यामुळे महाराष्ट्राच्या मातीतही उरली आहे.

युद्धानंतर पोलंड कम्युनिस्ट राजवटीखाली गेला आणि १ नोव्हेंबर १९४६ रोजी दीक्षा घेतलेल्या या धर्मगुरूचा पुढचा काळ त्या राजवटीशी सनदशीर पण चिवट झुंज देण्यात गेला. क्राकोच्या सीमेवर राजवटीने पोलाद कारखान्याच्या कामगारांसाठी नोवा हुता हे नवे शहर वसवले आणि त्याच्या आराखड्यात चर्चला जागाच ठेवली नाही. कामगारांनी उभारलेला क्रूस हटवण्याचा प्रयत्न १९६० मध्ये झाला तेव्हा रस्त्यावर संघर्ष पेटला; वोयतिवा यांनी आधी बिशप आणि मग आर्चबिशप या नात्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि अखेर १५ मे १९७७ रोजी तिथल्या नव्या चर्चची त्यांनीच प्रतिष्ठापना केली. पोप झाल्यावर जून १९७९ मध्ये ते नऊ दिवसांच्या दौऱ्यासाठी मायदेशी परतले, तेव्हा लाखो पोलिश नागरिकांनी आपली संख्या किती आहे हे प्रथमच डोळ्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना जन्माला आली आणि वर्षभरात तिची सदस्यसंख्या एक कोटीच्या घरात गेली. पोपच्या दौऱ्याने राजवट पाडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु भीती मोडण्याच्या प्रक्रियेत त्या नऊ दिवसांचा वाटा मोठा होता, याविषयी इतिहासकारांत फारसे दुमत नाही.

अमेरिकेशी असलेला संबंध मायभूमीच्या संबंधाइतका खोल नसला तरी तो वरवरचा नव्हता. कार्डिनल असताना १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या युकरिस्ट परिषदेसाठी आलेल्या वोयतिवा यांनी वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामध्ये तत्त्वज्ञानावर व्याख्यान दिले होते. पोप झाल्यावर ऑक्टोबर १९७९ मध्ये ते पुन्हा त्या शहरात आले, व्हाइट हाउसमध्ये प्रवेश करणारे पहिले पोप ठरले आणि नॅशनल मॉल या विस्तीर्ण हिरवळीवर त्यांनी मिस्सा अर्पण केली. याच दौऱ्यात विद्यापीठालगतच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या राष्ट्रीय बॅसिलिकेत सिस्टर थेरेसा केन यांनी त्यांच्या उपस्थितीत, स्त्रियांना चर्चच्या सर्व सेवाकार्यांत स्थान मिळावे, अशी जाहीर विनंती केली. पोपने आपली भूमिका बदलली नाही, परंतु अमेरिकी कॅथलिक समाजातील तो खुला संवाद त्या परिसराच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. विद्यापीठ, बॅसिलिका, धर्मसंघांचे मठ आणि अभ्यासगृहे यांनी भरलेल्या ईशान्य वॉशिंग्टनमधील या भागाला ‘छोटे रोम’ म्हणतात, आणि याच भागात पुढे जॉन पॉल दुसरे यांच्या नावाची वास्तू उभी राहिली.

ती वास्तू प्रथम तीर्थस्थान म्हणून बांधलेली नव्हती. डेट्रॉइटचे आर्चबिशप कार्डिनल अ‍ॅडम मायडा यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात ‘पोप जॉन पॉल दुसरे सांस्कृतिक केंद्र’ या नावाची योजना आकाराला आली. सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्चून बांधलेल्या या केंद्राचे लोकार्पण २२ मार्च २००१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या उपस्थितीत झाले, आणि तेव्हा पोप हयात होते. अमेरिकेत निवृत्त राष्ट्राध्यक्षांच्या नावे ग्रंथालय आणि संग्रहालय उभारण्याची पद्धत आहे. या केंद्राची घडण त्याच धर्तीवर होती. संगणकावर चालणारी परस्परसंवादी दालने, कलाप्रदर्शने आणि चर्च व संस्कृती यांच्या नात्यावरील संशोधन असा त्याचा त्रिविध हेतू होता.

हेतू उदात्त असला तरी केंद्राला लोक लाभले नाहीत. प्रवेशशुल्क न घेणारी स्मिथसोनियनची विख्यात संग्रहालये ज्या शहराच्या मध्यभागी आहेत, त्या शहराच्या एका कोपऱ्यातील धार्मिक केंद्राकडे पर्यटक वळले नाहीत. देणग्या अपेक्षेइतक्या आल्या नाहीत. आणि उभारणीसाठी डेट्रॉइटच्या धर्मप्रांताने दिलेल्या कर्जाचे ओझे वाढत गेले. काही वर्षांतच दालनांचा व्याप आटोपता घ्यावा लागला आणि केंद्र मुख्यतः संशोधनापुरते उरले. या अपयशाचे एक कारण आर्थिक होते, दुसरे मात्र त्या वास्तूच्या स्वरूपात दडलेले होते. संस्कृती, संवाद, मानवी प्रतिष्ठा या संकल्पना मांडणारे दालन अभ्यासकाला उपयोगी पडते. दूरवरून येणाऱ्या भाविकाला मात्र एखाद्या व्यक्तीच्या आयुष्याशी आणि त्या आयुष्यातून उरलेल्या खुणेशी नाते जोडायचे असते. २००१ च्या केंद्रात असा आधार नव्हता, कारण ज्याच्या नावाने ते उभे होते तो माणूस अजून जगत होता, प्रवास करत होता आणि लोकांना प्रत्यक्ष भेटत होता.

२ एप्रिल २००५ रोजी जॉन पॉल दुसरे यांचे निधन झाले आणि अंत्यविधीच्या वेळीच संत पीटर चौकात त्यांना तत्काळ संत घोषित करण्याची मागणी करणारे फलक झळकले. संतपदाची प्रक्रिया सुरू करण्यासाठी मृत्यूनंतर पाच वर्षे थांबण्याचा नियम आहे. त्यांचे उत्तराधिकारी बेनेडिक्ट सोळावे यांनी तो त्यांच्यासाठी शिथिल केला, १ मे २०११ रोजी त्यांना धन्य घोषित केले, आणि २७ एप्रिल २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना जॉन तेविसावे यांच्यासह संतपद बहाल केले. ‘धन्य’ ही संतपदाच्या आधीची पायरी असून त्या पायरीवर स्थानिक पातळीवरील उपासनेला परवानगी मिळते, तर संतपदानंतर साऱ्या चर्चमध्ये त्या व्यक्तीची सार्वजनिक उपासना मान्य होते. स्वतः या पोपने ४८२ जणांना संत आणि १,३३८ जणांना धन्य घोषित केले होते. संतांची यादी युरोपच्या मठांबाहेर नेऊन आशिया-आफ्रिकेपर्यंत पोचवण्याच्या त्यांच्या या धोरणाची फळे भारतालाही मिळाली.

वॉशिंग्टनच्या वास्तूचे भाग्य याच घटनाक्रमाशी जोडले गेले. २०११ मध्ये ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या संघटनेने ती विकत घेतली. फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी १८८२ मध्ये कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे स्थापन केलेली ही कॅथलिक पुरुषांची बंधुसंस्था मुळात कमावता पुरुष गमावलेल्या स्थलांतरित कुटुंबांतील विधवा व मुलांना आधार देण्यासाठी निघाली, आणि विम्याच्या व्यवसायातून तिने मोठे आर्थिक बळ उभे केले. संघटनेने वास्तूचा हेतूच बदलला. मार्च २०१४ मध्ये अमेरिकी बिशपांच्या परिषदेने तिला राष्ट्रीय तीर्थस्थानाचा दर्जा दिला आणि संतपदानंतर तिचे नाव ‘संत जॉन पॉल दुसरे राष्ट्रीय तीर्थस्थान’ असे झाले. चर्चच्या कायद्यानुसार बिशपची मान्यता असलेल्या ज्या पवित्र जागी भाविक विशेष भक्तीपोटी मोठ्या संख्येने यात्रेला येतात ती जागा तीर्थस्थान ठरते. राष्ट्रीय दर्जासाठी देशातील बिशपांच्या परिषदेची मान्यता लागते. या व्याख्येत समाधीची अट कुठेही नाही. यात्रेकरूंचे येणे हाच तीर्थस्थानाचा पाया आहे, आणि वॉशिंग्टनमधील वास्तूला तीर्थस्थान होण्याची वाट याच तरतुदीने मोकळी करून दिली.

२०१४ मध्येच ‘प्रेमाची देणगी’ अशा अर्थाच्या नावाचे कायमस्वरूपी प्रदर्शन तिथे खुले झाले. सुमारे १६ हजार चौरस फुटांत पसरलेली त्याची नऊ दालने काळाच्या क्रमाने जातात: नाझी व कम्युनिस्ट राजवटींखालील तरुणपणापासून पोपपदाची निवड, १९८१ मध्ये संत पीटर चौकात त्यांच्यावर झालेला गोळीबार, जगभरचे दौरे, तरुणांचे जागतिक मेळावे, सन २००० चे महोत्सवी वर्ष आणि अखेरचे आजारपण. आधीच्या केंद्रात संकल्पनांच्या ओघात व्यक्ती येई. इथे व्यक्तीच्या आयुष्याच्या ओघात संकल्पना येतात. श्रमाच्या प्रतिष्ठेविषयीची त्यांची शिकवण खाणीतील मजुराच्या अनुभवानंतर भेटते, क्षमेविषयीची शिकवण गोळीबारानंतर भेटते, आणि दुःख सोसण्याविषयीची शिकवण पार्किन्सनच्या आजाराने थरथरणाऱ्या वृद्धाच्या छायाचित्रांबरोबर भेटते. प्रदर्शन पाहून झालेला यात्रेकरू त्याच वास्तूतील चर्चमध्ये आणि प्रार्थनामंदिरात जातो. चर्चला ‘रेडेम्प्टर होमिनिस’ हे नाव आहे. मार्च १९७९ मध्ये जॉन पॉल यांनी साऱ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या पहिल्या विश्वपत्राचे ते शीर्षक. प्रार्थनामंदिर ‘प्रकाशाच्या रहस्यांना’ वाहिलेले आहे, म्हणजे २००२ मध्ये त्यांनी रोझरीच्या जपमाळेत घातलेल्या ख्रिस्तजीवनातील पाच प्रसंगांना. प्रथम श्रेणीचा अवशेष म्हणून त्यांच्या रक्ताची कुपीही इथे आहे. इतिहास वाचून झाल्यावर प्रार्थना, आणि प्रार्थनेच्या केंद्रस्थानी अवशेष, असा हा क्रम आहे. संग्रहालयाला तीर्थस्थान बनवणारा दुवा हाच.

या रचनेचे मोल पोलंडमधील दोन स्थळांशी तुलना केल्यावर अधिक उमगते. वादोवित्सेमधील चर्चच्या शेजारच्या घरात, एका ज्यू मालकाच्या इमारतीत, वोयतिवा कुटुंब भाड्याने राहत असे. १९८४ पासून तिथे संग्रहालय आहे आणि एप्रिल २०१४ मध्ये ते पूर्णतः नव्या स्वरूपात उघडले. तिथे १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आग्जा याने पोपवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल मांडलेले आहे, आणि पोपने भेट दिलेल्या देशांची माती काचेखाली जपलेली आहे. पिस्तूल आणि माती या दोन वस्तू शेजारी ठेवून पाहिल्या की त्या पोपपदाचा सारा आवाका लक्षात येतो: लोकांत मिसळण्याची जी ओढ त्यांना १२९ देशांत घेऊन गेली, त्याच ओढीमुळे ते उघड्या गाडीतून गर्दीत फिरत होते आणि मारेकऱ्याच्या टप्प्यात आले. डिसेंबर १९८३ मध्ये रोमच्या तुरुंगात जाऊन त्यांनी आग्जाची भेट घेतली. कोठडीत दोघे शेजारी बसून बोलत असल्याचे छायाचित्र जगभर पोचले.

दुसरे स्थळ क्राकोच्या वागियेव्हनिकी भागात आहे. सोल्वेच्या ज्या सोडा कारखान्यात तरुण वोयतिवा राबले, त्याचा पांढरा गाळ वर्षानुवर्षे टाकला गेल्याने तेथील पडीक जमिनीला ‘पांढरे समुद्र’ म्हणत. त्याच जमिनीवर त्यांच्या नावाचे केंद्र आणि तीर्थमंदिर उभे राहिले. तळमजल्यावरचे चर्च २०११ मध्ये आणि वरचे २०१३ मध्ये प्रतिष्ठापित झाले. वरच्या चर्चमध्ये गोळीबाराच्या दिवशी अंगावर असलेला पांढरा झगा रक्ताच्या डागांसह जपून ठेवला आहे. खाली, वावेल कॅथेड्रलमधील ज्या तळघरात त्यांनी पहिल्या मिस्सा अर्पण केल्या त्याच्या धर्तीवर बांधलेल्या प्रार्थनामंदिरात, व्हॅटिकनमधील त्यांच्या मूळ थडग्यावरची शिळा ठेवली आहे. २०११ मध्ये त्यांचा देह बॅसिलिकेच्या वरच्या भागात हलवल्यावर ती मोकळी झाली होती. अशा रीतीने क्राकोला समाधी मिळाली नाही, पण समाधीची शिळा मिळाली. वादोवित्सेकडे घर आहे, क्राकोकडे भूमी, वस्त्र आणि शिळा आहे. वॉशिंग्टनकडे यांपैकी काहीच नसल्यामुळे तेथील जडणघडणीत कथनाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

अवशेषांच्या या विकेंद्रीकरणाला धोक्याची बाजूही आहे. जानेवारी २०१४ मध्ये, संतपदाच्या सोहळ्याला तीन महिने उरले असताना, इटलीच्या अब्रुत्सो प्रदेशातील डोंगरातल्या एका लहान चर्चमधून त्यांच्या रक्ताने भिजलेल्या कापडाचा अवशेष चोरीला गेला. विश्रांतीसाठी ते ज्या डोंगरात गुपचूप येत, त्या परिसराला तो स्मृती म्हणून देण्यात आला होता. काही दिवसांत तो परत मिळाला. तथापि, अवशेषाचे मूल्य त्याच्या धातूच्या वेष्टनात नसून त्याला मानणाऱ्या समाजात असते आणि त्याची राखणही त्या समाजालाच करावी लागते, हे या घटनेने पुन्हा स्पष्ट केले.

भारताच्या बाबतीत या पोपचे स्मरण निराळ्या वाटेने टिकले. फेब्रुवारी १९८६ मधील दहा दिवसांच्या दौऱ्यात त्यांनी दिल्लीत राजघाटावर गांधीजींना आदरांजली वाहिली, कोलकात्यात मदर तेरेसा यांच्या ‘निर्मल हृदय’मधील मरणासन्न रुग्णांची भेट घेतली, कोट्टायममध्ये कुरियाकोस इलियास चावरा आणि अल्फोन्सा या दोघा भारतीयांना धन्य घोषित केले, आणि गोवा, मुंबई व पुणे येथेही ते गेले. मुंबईत शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांनी मिस्सा अर्पण केली. जानेवारी १९९५ मध्ये कोलंबो येथे त्यांनी मूळचे गोव्यातील बाणावलीचे, सतराव्या शतकात श्रीलंकेत छुप्या रीतीने धर्मसेवा करणारे जोसेफ वाझ यांना धन्य घोषित केले. गोव्यातून निघून परमुलखात मिसळून गेलेल्या एका धर्मगुरूचा सन्मान दुसऱ्या प्रवाशाने त्याच्या कर्मभूमीत जाऊन करावा, यात त्या पोपच्या दृष्टीचे सार आहे. इथल्या भाविकांच्या लेखी त्यांची आठवण संग्रहालयात नाही. ती ठरावीक मैदाने, चर्च आणि स्थानिक संतांची नावे यांच्याशी जोडलेली आहे.

वॉशिंग्टनच्या तीर्थस्थानाचा इतिहास मात्र २०१४ च्या सोहळ्यावर संपत नाही, आणि त्याचा पुढचा भाग टाळून चालणार नाही. २००१ मध्ये केंद्राचे लोकार्पण झाले तेव्हा वॉशिंग्टनचे आर्चबिशप थिओडोर मॅकॅरिक होते. लैंगिक अत्याचाराच्या आरोपांत दोषी ठरून २०१९ मध्ये त्यांचे धर्मगुरुपद काढून घेण्यात आले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अहवालातून असे पुढे आले की त्यांच्याविषयीच्या तक्रारी कानावर येऊनही त्यांना वॉशिंग्टनला नेमण्याचा निर्णय जॉन पॉल दुसरे यांनी स्वतः घेतला होता. धर्मगुरूंना बदनाम करण्यासाठी खोटे आरोप रचण्याची कम्युनिस्ट राजवटीची पद्धत त्यांनी पोलंडमध्ये पाहिली होती आणि तो अनुभव मॅकॅरिक यांच्यावर ठेवलेल्या विश्वासामागे असावा, अशी शक्यता त्याच अहवालाने नोंदवली. दालनांत जो पोलिश अनुभव धैर्याचा स्रोत म्हणून दिसतो तोच दुसऱ्या प्रसंगी आंधळेपणाचेही कारण होऊ शकला, ही गोष्ट त्या संताच्या चरित्राचा भाग आहे.

२ जून २०२० रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तीर्थस्थानाला भेट दिली. आदल्या दिवशी व्हाइट हाउसजवळच्या निदर्शकांना बळाने हटवण्यात आले होते. त्यामुळे वॉशिंग्टनचे आर्चबिशप विल्टन ग्रेगरी यांनी धार्मिक वास्तूच्या अशा वापराचा कडक शब्दांत निषेध केला. त्याहून खोलवर परिणाम करणारा प्रश्न भिंतींवरच उभा राहिला. तेथील चर्च आणि प्रार्थनामंदिर यांतील रंगीत मोझाइक चित्रे स्लोव्हेनियन धर्मगुरू मार्को रुपनिक यांच्या कलाशाळेची आहेत. त्यांच्यावर अनेक स्त्रियांनी, ज्यांत धर्मभगिनी होत्या, लैंगिक व मानसिक अत्याचाराचे आरोप केले आणि २०२३ मध्ये येशूसंघाने त्यांना संघातून काढले. जुलै २०२४ मध्ये नाइट्स ऑफ कोलंबसचे प्रमुख पॅट्रिक केली यांनी, जे पूर्वी याच तीर्थस्थानाचे संचालक होते, ती चित्रे कापडाने झाकण्याचा निर्णय जाहीर केला. वेदीमागची कला झाकून पीडितांच्या वेदनेला अग्रक्रम देण्याचा हा निर्णय अमेरिकी चर्चमध्ये मोठा मानला गेला, आणि तो योग्यच होता.

या साऱ्या इतिहासातून एक निष्कर्ष ठामपणे मांडता येतो. समाधीभोवतीचे तीर्थस्थान देहाच्या सान्निध्यावर उभे असते आणि तिथे चरित्राचे बारकावे माहीत नसले तरी भक्ती चालू राहते. जे तीर्थस्थान एखाद्या आयुष्याच्या कथनावर उभे आहे त्याची विश्वासार्हता मात्र त्या कथनाच्या सचोटीवर अवलंबून असते. म्हणून त्याला सोयीचे तेवढेच सांगून चालत नाही. वॉशिंग्टनच्या वास्तूने तेरा वर्षांत दोन रूपे पालटली: संकल्पनांच्या केंद्रातून ती एका माणसाच्या चरित्रात स्थिरावली आणि तेव्हाच तिला यात्रेकरू लाभले. आता ते चरित्र पूर्णत्वाने सांगण्याचे काम तिच्यापुढे आहे, ज्यात नोवा हुताच्या कामगारांसाठी त्यांनी धरलेला चिवट आग्रह असेल, तुरुंगात दिलेली क्षमा असेल, कोट्टायम व कोलंबोपर्यंत पोचलेला सन्मान असेल, आणि ज्यांचे ऐकले गेले नाही अशा पीडितांचीही नोंद असेल. चर्चच्या दृष्टीने संतपद म्हणजे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. ते देवाच्या कृपेला दिलेल्या प्रतिसादाची ग्वाही असते. ही शिकवण खरी मानणाऱ्या तीर्थस्थानाला संपूर्ण सत्य सांगण्याचे भय वाटण्याचे कारण नाही, आणि भय टाकण्याचे आवाहन करतच ज्यांनी आपल्या पोपपदाचा प्रारंभ केला, त्यांच्या नावाच्या वास्तूला तर ते मुळीच शोभणार नाही.